पाणी किती चढलं ते कळतं, पूल किती झिजला?

पावसाळा लागला की सांगली जिल्ह्यात एकच प्रश्न फिरतो. आयर्विनला किती? ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कृष्णेपासून लांब, कवठे महांकाळच्या माळावर राहणारी माणसंही तासातासाला तोच आकडा विचारत होती.

पाण्याचा आकडा सगळ्यांना ठाऊक. ज्या पुलावर तो मोजतात, त्या पुलाचा आकडा कुणाला ठाऊक आहे?

सांगलीत कृष्णेवरचा हा आयर्विन पूल १९२९ चा. संस्थानी काळातला, दगडी कमानींचा. महाडचा सावित्रीवरचा पूल त्याच्याहून एका वर्षानं थोरला, १९२८ चा. तोही दगडी कमानींचाच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर आला आणि तो पूल गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं परत आली नाहीत.

त्या पुलाची पाहणी मे महिन्यात झाली होती. धोका नाही, असं त्या पाहणीत ठरलं होतं.

मे ते ऑगस्ट. तीन महिनेही न टिकणारा निष्कर्ष कसला?

त्या रात्री पूल गेल्याचं आधी लक्षात आलं ते जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या. पुलावर चढलेल्या गाड्यांचे दिवे पलीकडे निघत नव्हते. त्यानं पुढची वाहतूक अडवली. बांधकाम खात्याकडे पाहणीचा कागद होता. जीव वाचवले ते रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसानं.

पुढे नवा पूल बांधला. १६५ दिवसांत. ५ जून २०१७ ला त्याचं उद्घाटन झालं. म्हणजे मनात आणलं तर साडेपाच महिन्यांत अख्खा पूल उभा राहतो. मग उभ्या असलेल्या पुलाखाली उतरून नीट बघायला किती दिवस लागावेत?

एक पूल पडला की आदेश निघतो: सगळ्या पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट करा. महाडनंतर निघाला. १५ जून २०२५ ला मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडून चार जण गेले, त्यानंतर पुन्हा निघाला. आदेशाची बातमी पहिल्या पानावर येते. अहवालाची बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली?

आणि ऑडिट झालं म्हणजे निश्चिंत झालो, असंही नाही. मुंबईत सीएसएमटीबाहेरच्या हिमालय पुलाचं ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती पुरेल, असा त्याचा निकाल होता. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, त्याचा स्लॅब खाली आला. सात जीव गेले. मग ऑडिट करणाऱ्याला अटक झाली.

तेव्हा ‘ऑडिट झालं का?’ हा प्रश्न आता सोडून द्या. त्याला ‘झालं’ एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं ते असं: कुठली चाचणी केली? कुठे उभं राहून केली? आणि आकडा काय आला?

सुरुवात डोळ्यांपासून. पहिली पाहणी डोळ्यांनीच होते, जगभर. पावसाळ्याआधी एक आणि पावसाळ्यानंतर एक, हा बांधकाम खात्याचा जुना शिरस्ता. त्यात कमीपणा काहीच नाही. तयार डोळ्याला पुष्कळ दिसतं. स्लॅबच्या पोटाला तपकिरी ओघळ, सुटलेला गिलावा, उघडी पडलेली सळई, दबलेलं बेअरिंग, वाकलेला कठडा.

फक्त यातलं बहुतेक सगळं खालून दिसतं. वरून दिसतो तो डांबराचा थर.

पुलावरचं पाणी वाहून जायला कडेला छोटे पाईप ठेवलेले असतात. ते मातीनं, गुटख्याच्या पुड्यांनी तुंबतात. पाणी साचतं, स्लॅबमध्ये मुरतं, सळईपर्यंत पोचतं. सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, आणि काँक्रीटला आतून फोडतं. कोट्यवधींच्या पुलाचं आयुष्य असं एका तुंबलेल्या पाईपपायी कमी होतं. तो पाईप साफ करायला कुठलं टेंडर लागतं?

रस्त्यावर डांबराचा नवा थर मात्र दर दोन-चार वर्षांनी चढतो. जुना न खरवडता चढतो. पाईपचं तोंड त्याखाली बुजतं आणि पुलाच्या अंगावर काही टनांचं कायमचं ओझं वाढतं. दुरुस्ती म्हणून.

डोळ्यांनंतर हातोडा. रिबाउंड हॅमर. अर्न्स्ट श्मिट नावाच्या स्विस अभियंत्याचं हे यंत्र. स्प्रिंगचा दांडा काँक्रीटवर आपटतो, उसळतो, आणि किती उसळला त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतात. हलकं, स्वस्त, हातात मावणारं. एका दिवसात अख्खा पूल ‘तपासून’ होतो. म्हणून बहुतेक अहवालांत हेच पहिलं.

याबद्दल आपलंच भारतीय मानक काय म्हणतं? या हातोड्याचा अंदाज २५ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतो. म्हणजे कागदावर ताकद ३० लिहिलेली असेल, तर ती साडेबावीसही असेल आणि साडेसदतीसही. साडेबावीसवर पूल धोक्यात असू शकतो, साडेसदतीसवर ठणठणीत. मग कागदानं सांगितलं काय?

त्याहून वाईट पुढे आहे. काँक्रीट जुनं झालं की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात शिरतो आणि पृष्ठभाग टणक होतो. हातोडा जास्त उसळतो. आकडा चांगला येतो. त्याच कार्बन डायऑक्साइडनं आतल्या सळईचं संरक्षण गेलेलं असतं. अशा वेळी अंदाज निम्म्यानं फुगू शकतो, हेही मानकातच लिहिलं आहे.

पूल आतून जितका म्हातारा, तितका हा हातोडा त्याला तरुण ठरवू शकतो. हे ठाऊक असून निव्वळ त्याच्या आकड्यावर सही करणारा अभियंता जबाबदार नाही का?

यावर इलाज आहे आणि तो महागही नाही. काँक्रीटला छोटं भोक पाडायचं आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडायचं. तेच, दहावीच्या प्रयोगशाळेतलं. गुलाबी झालं तर सळईचं कवच शाबूत. रंग आलाच नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत कवच गेलं. कवठे महांकाळच्या कुठल्याही हायस्कुलात ही बाटली सापडेल. पुलाच्या अहवालात सापडते का, ते बघा.

पुढची चाचणी ध्वनीलहरींची. काँक्रीटच्या एका बाजूनं लहर सोडायची, दुसऱ्या बाजूला पकडायची, वेग मोजायचा. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर उत्तम, तीनच्या खाली असेल तर संशय. आत पोकळी असेल, चीर असेल, तर लहर वळसा घालते आणि उशिरा पोचते. हातोड्यानं फसवलं तर ही पकडते. दोन्ही एकत्र करायच्या असतात. एकट्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नसतो.

सळईच्या गंजासाठी विद्युतदाब मोजतात. उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला, तर आत गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. रडार आहे. काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत चिरडून बघता येतो. सगळं आहे, आणि महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवलंही जातं.

म्हणजे पद्धती नाहीत म्हणून पूल पडले, असं कुणी सांगू नये.

आता गोम. यातली निम्मी यंत्रं काँक्रीटसाठी. आयर्विनसारख्या दगडी कमानीला रिबाउंड हॅमर काय सांगणार? काळा पाषाण शंभर वर्षांनीही टणकच उसळणार. दगडी पुलात दगड आधी हरत नाही, सांधा हरतो. चुना धुपतो, कमानीचा आकार बदलतो, बाजूची भिंत पोट काढते.

आणि पिंपळ उगवतो.

महाराष्ट्रातल्या जुन्या पुलाच्या कठड्यात पिंपळ नसेल तर तो पूल नवा समजावा. मूळ सांध्यात शिरतं, जाडावतं, दगड सरकवतं. पावसाळ्यानंतर कुणीतरी वरचा फांदोरा तोडतं, बिल निघतं, मूळ तसंच. पुढल्या वर्षी पिंपळ पुन्हा वर, बिलही पुन्हा वर. मुळापर्यंत जायला अडचण झाडाची आहे की बिलाची?

पण पुलाचा खरा घात होतो तो आणखी खाली, पायाशी. पुराचं पाणी खांबाला आपटतं, त्याच्याभोवती भोवरा करतं आणि बुडाखालची वाळू-माती उकरून नेतं. वरचा पूल धडधाकट, डांबर गुळगुळीत, आणि पाय अधांतरी. जगात पूल पडायच्या कारणांत हे अगदी वरचं. पूर ओसरला की नदी तोच खड्डा गाळानं भरून टाकते. नंतर येणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. हातोडा, लहर, मिलिव्होल्ट यांपैकी काहीही हा खड्डा सांगत नाही. खाली जाऊनच बघावं लागतं. मोठ्या नदीत त्यासाठी पाणबुडे लागतात, सोनार लागतं.

आणि आपल्या अग्रणीला?

अग्रणी खानापूर तालुक्यात उगम पावते, तासगाव, कवठे महांकाळ करत कर्नाटकात जाते आणि अथणी तालुक्यात कृष्णेला मिळते. वर्षातले बहुतेक महिने, म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी सुटलं नाही तर, पात्र कोरडं. एप्रिलात तुम्ही चपला न भिजवता खांबाच्या बुडाशी उभे राहू शकता. पाणबुडा नको, होडी नको, यंत्र नको. मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा पुरे. देशातल्या कितीतरी अभियंत्यांना जे सुख मिळत नाही, ते आपल्या दुष्काळानं आपल्या अभियंत्याला फुकट दिलं आहे.

त्यांतले कितीजण खाली उतरतात?

कोरडी नदी म्हणून निर्धास्त राहायचीही सोय नाही. अशा नद्यांचं पाणी सांगून येत नाही. वर्षभर वाळू, आणि एका रात्रीच्या ढगफुटीसारख्या पावसात पात्र तुडुंब. फरशी पूल पाण्याखाली, गावं तुटलेली. पाण्याचा मार पूल वर्षभर सोसत नाही आणि चार तासांत सगळा सोसतो. तपासणी त्या चार तासांच्या तयारीची हवी.

वाळूचंही बोललं पाहिजे. पुलाजवळ वाळू उपसायला बंदी आहे, आणि ती कारणाशिवाय नाही. वाळू हेच खांबाचं पांघरूण. ते ओढून काढलं की पुराला उकरायला सोपं. माणदेशच्या कडेच्या आपल्या सगळ्या नद्यांनी वाळूचा धंदा पाहिला आहे. रात्री नदीतून वाळू काढायची आणि भरलेला डंपर त्याच नदीच्या पुलावरून न्यायचा. एकाच फेरीत पाया उघडा आणि माथ्यावर ओझं. पुलावर यापेक्षा मोठा हल्ला दुसरा कुठला?

अग्रणीचं खोलीकरण-रुंदीकरण झालं, लोकांनी मनापासून केलं, पाणी मुरलं, विहिरींना आधार झाला. ते काम चांगलंच. पण नदीचा तळ खाली नेताना पुलाच्या वरचा आणि खालचा टप्पा वेगळा धरावा लागतो. तळ दोन-तीन फूट खाली गेला की पायाची खोली तेवढीच कमी होते. जेसीबी लावताना पुलाचा जुना नकाशा कुणी मागवतं का? पुलांच्या पाहणीत हा प्रश्न पहिल्या पानावर हवा.

भाराची चाचणी राहिली. ती सगळ्यांत खरी. ठरलेलं वजन गाळ्यावर २४ तास ठेवायचं, पूल किती वाकला ते मोजायचं. वजन काढायचं, आणखी २४ तासांनी किती परत वर आला ते बघायचं. साध्या काँक्रीटच्या पुलानं वाकण्यापैकी ७५ टक्के, ताण दिलेल्या काँक्रीटच्या पुलानं ८५ टक्के परत यायला हवं. नाही आला तर पुलानं कबूल केलं की तो थकलाय.

आपल्याकडे ऊस हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर एकामागोमाग एक हेच करतात. रोज. पुलाखाली मोजायला मात्र कुणी नसतं.

आता विचारा, पूल कुणाचा? कवठे महांकाळहून मिरजेला निघालेला माणूस रत्नागिरी–नागपूर राष्ट्रीय महामार्गावरून जातो, तिथले पूल केंद्राचे. गावाकडून महामार्गापर्यंत येतो तो रस्ता जिल्हा परिषदेचा नाहीतर सार्वजनिक बांधकामचा. मध्ये म्हैसाळचा कालवा लागला तर त्यावरचा पूल जलसंपदाचा. रुळांवरून गेलात तर रेल्वेचाही संबंध आला. तासाभराच्या प्रवासात चार मालक. पूल पडला तर पहिले दोन दिवस मालक शोधण्यात जातात.

राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्रानं २०१६ च्या ऑक्टोबरात पुलांची नोंदपद्धती सुरू केली. प्रत्येक पुलाला क्रमांक, प्रत्येकाला अवस्थेचा गुण. देशभरात मोऱ्यांसकट पावणेदोन लाखांच्या आसपास बांधकामं मोजली गेली आणि त्यांतल्या १४७ पुलांकडे ताबडतोब लक्ष द्यायला हवं, असं निघालं. चांगलं झालं. पण आपल्या गावाच्या ओढ्यावरची फरशी राष्ट्रीय महामार्गावर नाही. शाळेची पोरं मात्र तिच्यावरूनच जातात.

रेल्वेकडे बघा. मिरज–पंढरपूर मार्ग, एके काळची बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी, आता ब्रॉडगेज. त्या मार्गावरच्या लहानशा मोरीवरही क्रमांक रंगवलेला असतो. मोठ्या पुलांवर पुराच्या पाण्याची धोक्याची रेघ असते. वर्षाला पाहणी, नोंदवही, आणि पुलाच्या अवस्थेला आकड्यात गुण. पावसाळ्यात रुळांवर गस्त. रेल्वेचे पूलही पडले आहेत, त्यांच्याही चुका झाल्या आहेत. पण कुठला पूल, कितवा, केव्हा पाहिला, हे तिथे सांगता येतं. शेजारच्या रस्त्याच्या पुलाला साधा क्रमांकही असू नये?

‘अमेरिकेत असं होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी दोन दाखले. मिनियापोलिसमधला मिसिसिपीवरचा पूल १ ऑगस्ट २००७ ला पडला, १३ माणसं गेली. तो १९९० पासून ‘सदोष’ म्हणून नोंदलेला होता. सतरा वर्षं कागदावर. 

दुसरा मेम्फिसचा. २०२१ च्या मे महिन्यात तिथल्या महामार्गाच्या पुलाच्या तुळईत मोठी चीर सापडली आणि त्याच दिवशी पूल बंद केला. मग जुनी चित्रं तपासली, तर २०१९ च्या ड्रोन चित्रणातही चीर स्पष्ट. म्हणजे आधीच्या पाहणीतून ती निसटली होती. पाहणी करणाऱ्याला नोकरीवरून काढलं. आणि हे सगळं लोकांना सांगितलं.

मेम्फिसला पूल पडायच्या आधी चूक उघड झाली आणि माणूस जबाबदार ठरला. कारण पाहणीची चित्रं जपलेली होती. आपल्याकडच्या पाहणीत चित्रं असतात का? असली तर तारखेसह? आणि मागच्या वर्षीच्या त्याच खांबाच्या चित्राशेजारी ठेवून बघितलेली?

आपल्या पुलांवर एक गोष्ट हमखास असते. कोनशिला. भूमिपूजन कुणाच्या हस्ते, उद्घाटन कुणाच्या हस्ते, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, सगळी नावं संगमरवरात. पूल किती टनांसाठी बांधला हे त्यात नसतं. शेवटची तपासणी कधी, हे तर लिहायची जागाच नसते.

शेजारी पत्र्याचा एक फलक लावा. बांधल्याचं साल. मालक कोण. भाराची मर्यादा. शेवटची पाहणी, तारीख, खालून झाली की वरून. पुढची कधी. सही कुणाची. सहा ओळी. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आयर्विनच्या पाण्याइतकंच हेही वाचता आलं पाहिजे. यात गुप्त ठेवण्यासारखं काय आहे?

लोक घाबरतील, असं उत्तर येतं. कुंडमळ्याच्या पुलावर धोक्याचा फलक होता, तरी रविवारी गर्दी झाली. तेव्हा नुसत्या फलकानं भागत नाही, हेही खरं. धोकादायक पूल बंदच करावा लागतो, आणि बंद करायचा तर पर्यायी रस्ता द्यावा लागतो. तो द्यायचा नाही म्हणून पूल ‘सुस्थितीत’ ठेवायचा, हा प्रकार थांबला पाहिजे. लोकांना भीती पडझडीची वाटते. आकड्याची नाही.

खात्याची अडचणही खोटी नाही. एका शाखा अभियंत्याकडे रस्ते, इमारती, बिलं, बैठका, आमदारांचे फोन, आणि त्यातच पूल. त्यानं एका उन्हाळ्यात सगळे पूल कसे बघायचे? मग माणसं वाढवा, नाहीतर अभियांत्रिकी महाविद्यालयांना सोबत घ्या, ग्रामपंचायतीला पहिल्या पाहणीचा साधा तक्ता द्या. कठडा, पाईप, पिंपळ, चीर, उघडी सळई, उघडा पाया. हे सहा मुद्दे बघायला पदवी लागत नाही. त्याचा अर्थ लावायला लागते, आणि ती खात्याकडे आहे.

तोवर वाट बघत बसायचं कारण नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर जातो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आपल्या वाटेवरचा एक पूल निवडा, गावाचं आणि नदीचं किंवा ओढ्याचं नाव घाला, आणि एवढंच विचारा: हा पूल कोणत्या साली बांधला? शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली आणि कोणी केली? पाहणी करणारा पुलाखाली उतरला होता का? कोणत्या चाचण्या केल्या आणि कोणते आकडे आले? पायाभोवतीची खोली मोजली का? अहवालाची प्रत आणि छायाचित्रं द्यावीत.

आणि पाहणी झालीच नसेल, तर तसं लेखी द्यावं.